तुमची पट्टी कोणती?

दिव्यानीने कीबोर्डवर एक बोट ठेवलं आणि चटका बसावा तसं मागे घेतलं. चंद्रपूरच्या गोल बाजाराजवळचं लच्छूभाऊंचं वाद्यांचं दुकान, भर दुपार, आत चार-सहा गिऱ्हाइकं. तिला वाटलं, सगळी आपल्याकडेच बघताहेत. खरं तर कुणालाच सवड नव्हती… एकाला सोडून.

तो माइकची वायर घ्यायला आला होता. उंच, सावळा, घामाने कपाळाला चिकटलेले केस. जवळ येऊन त्याने अगदी हळू विचारलं, "तुमची पट्टी कोणती?"

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत हा रोजचाच प्रश्न. सूर कुठून धरता, काळी चार की पांढरी पाच, एवढाच त्याचा अर्थ. पण भ्यालेल्या माणसाला सरळ ऐकू येतं कुठे? दिव्यानीला वाटलं, हा आपला मुलूख विचारतोय.

"झाडीपट्टी," ती म्हणाली.

तो हसला. मोठ्याने नाही, पण डोळ्यांच्या कडांपर्यंत. "मी बी तिकडचाच आहो. मूल गावाजवळचा. प्रफुल."

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि कान तापले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं तिला. "काळी चार," ती पुटपुटली.

"पहिलं उत्तर ज्यादा आवडलं मले," तो म्हणाला.

भीती या पोरीच्या पाचवीलाच पुजलेली. बाप मनसाराम गावच्या तलावात मासे धरायचा; पोरगी भजनी मंडळात पेटी वाजवायची, तीही सगळ्या बायकांच्या मागे, कोपऱ्यात बसून. आणि आता वडशाच्या एका नाटक कंपनीने तिला बोलावलं होतं. दिग्दर्शक खुशालभाऊंनी आधीच बजावलं होतं, "पहिल्या प्रयोगाले हात आखडला तं मी दुसरा वाजवणारा घेईन, बाई. नाटक कोणासाठी थांबत नाई." बापाने यंदाची मासोळी विकून पैसे हातावर ठेवले होते. तेवढ्यात बसेल, घरी रियाजाला चालेल आणि स्टेजवरही साथ देईल, असा कीबोर्ड तिला हवा होता.

हे सगळं तिने या अनोळखी माणसाला का सांगितलं, तिचं तिलाच कळलं नाही. कंपनीचं नाव ऐकून मात्र तो चमकला. "अरे बाप्पा! मंग तं तुम्ही माझ्याच गाण्याले वाजवणार. मी गातो त्या नाटकात."

झालं! होतं नव्हतं तेवढं अवसानही गळालं. तिने घाईघाईने सगळ्यात लहान, सगळ्यात स्वस्त कीबोर्डकडे बोट दाखवलं. "हाच द्या, भाऊ."

"थांबा," प्रफुल म्हणाला. "डोळे मिटा. खालच्या सा-वर अंगठा, वरच्या सा-वर करंगळी… टाका पंजा."

तिने टाकला. डोळे उघडले तर करंगळी वरच्या सा-च्याही पुढे जाऊन बसली होती.

"पट्ट्या बारीक आहेत याच्या. घरी हात याच्यावर बसला का स्टेजवर पूर्ण मापाच्या पट्टीवर चुकणारच."

"मंग तो?" तिने भिंतीशी ठेवलेल्या लांबलचक, अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांच्या वाद्याकडे पाहिलं.

लच्छूभाऊच हसले. "तो घरी ठेवाचा, बाई. गाडीत चढवाले दोन माणसं लागतात. आन् सेलवर चालत नाई. लाइन गेली का मुका!" त्यांनी मधला खाली काढला. एकसष्ट पट्ट्या, पण एकेक पूर्ण मापाची. हळू दाबली तर हळू वाजणारी. कीबोर्डही सेलवर चालणारा, मागे स्टेजच्या वायरला जागा असलेला. "याच्यात तुमचे पैसे बी बसतात. वाजवून पाहा."

वाजवायचं? इथे, एवढ्या लोकांत? तिचे हात पट्ट्यांकडे वळेनात.

प्रफुलने काउंटरवरचा हेडफोन उचलला, त्याची पिन कीबोर्डला लावली आणि तो तिच्यापुढे धरला. "आता कोणालेच ऐकू येत नाई. वाजवा."

तिने वाजवलं. आधी चाचरत, मग भजनातली एक ओळ, मग दुसरी… पट्ट्या बोटांखाली मऊ दबत होत्या. मध्येच तिने एका कानावरून हेडफोन सरकवला आणि थबकली. तीच ओळ, तिच्याच लयीत, तो गुणगुणत होता.

"बोटं पाहून ओळखलं?"

"बोटांशिवाय दुसरीकडं पाहूनच नाई राह्यलो मी."

कीबोर्ड ठरला. पण बाहेर येईपर्यंत मूलची बस खचाखच भरली होती. एवढा खोका आत घ्यायला कंडक्टर तयार होईना. प्रफुलची मोटारसायकल त्याच वाटेने जाणार होती. "जा बिनधास्त, आमच्या घरातल्यासारखा आहे तो," लच्छूभाऊंनी ग्वाही दिली. तिने बापाला फोन लावला. "पोट्टा कोण, कोणाचा, ते मंग पाहू," मनसाराम म्हणाला, "पण अंधाराच्या आत जंगल पार करा, माय."

जंगल पार व्हायच्या आतच गाड्या थांबल्या. पुढे वनरक्षकांनी हात आडवा केला होता. नालीपलीकडच्या बांबूत वाघीण होती, पिल्लांसोबत. सगळ्यांनी इंजिनं बंद केली. वानरं एकसारखी खेकसत होती आणि बांबूत काहीतरी करकरत होतं. दिव्यानीने खोका छातीशी घट्ट धरला.

मग तिला दिसलं… हँडलवरचे त्याचे हात थरथरत होते.

"तुमाले भेव लागते?" ती कुजबुजली.

"लागते," तो मागे न बघता म्हणाला. "माझी मामी मोहफुलं वेचाले गेली होती. आली नाई." त्याने हँडल आणखी घट्ट धरलं. "स्टेजचं बी लागते. दर वेळी."

"मंग गाता कसे?"

"भेत भेतच."

आपल्यासारखंच कुणीतरी भितं, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. तिने एक हात खोक्यावरून काढला आणि त्याच्या खांद्यावर ठेवला. रस्ता मोकळा झाल्यावरही तो हात तिथेच राहिला, आणि आपल्याला ते जाणवतंय हे दोघांनीही एकमेकांना कळू दिलं नाही.

मग तालमी झाल्या. चहाचा कप देताना बोटं लागायची, गाणं संपल्यावर नजर जरा जास्तच रेंगाळायची, आणि बोलायची वेळ आली की दोघांचीही दातखिळी बसायची. तिची भीती मात्र तसूभरही कमी झाली नाही.

मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या दिवशी पहिला प्रयोग. मैदान माणसांनी फुललेलं. नांदी सगळ्यांच्या आवाजात निभावून गेली. पुढे नायकाचा, म्हणजे प्रफुलचा, प्रवेश आला आणि दिव्यानीला सूर द्यायचा होता.

हात आखडले. समोर पट्ट्या दिसत होत्या, पण बोटं परक्याची झाली होती. पहिल्या रांगेतून कुणीतरी शीळ घातली. विंगेतून खुशालभाऊ डोळे वटारून बघत होते. संपलं सगळं, तिच्या मनात आलं.

तेवढ्यात, सुराशिवायच, पडद्यामागून प्रफुलचा आवाज उठला. तो चुकला होता. ठरलेल्या काळी चारपेक्षा चांगलाच वर, काळी पाचमध्ये गेला होता, आणि आवाज कापत होता. तिने तो कंप ओळखला. हा भ्याला आहे, एकटा आहे, आणि याला आत्ता माझ्याशिवाय कुणी नाही! तिला त्याची काळजी वाटली, आणि त्या काळजीत स्वतःची भीती जरा बाजूला सरकली. कीबोर्डवर पट्टी चढवायचं बटण असतं. तिने ते दोनदा दाबलं, पंजा टाकला आणि पुढच्या ओळीला त्याला गाठलं. त्याचा आवाज स्थिरावला. मैदान डोलायला लागलं.

पहिल्या अंकाचा पडदा पडला. खुशालभाऊ जाता जाता एवढंच म्हणाले, "दुसऱ्या अंकाची पट्टी नीट ठरवा दोघं. उद्याच्या प्रयोगाले लवकर ये, बाई."

प्रफुल रंगवलेल्या चेहऱ्यानेच तिच्याजवळ येऊन टेकला.

"मुद्दाम वर गेले?" तिने विचारलं.

"नाई हो… पडद्याच्या फटीतून तुमचा हात थांबलेला दिसला. वाटलं, आता तुम्ही उठून जाल. उद्या इथी दुसराच कोणी बसंल." त्याने मान खाली घातली. "तोंड उघडलं तं आवाज धाकानं वरच गेला. मले तुमच्याशिवाय गाताच येणार नाई आता. गाण्याचं सोडा… दुसरं बी काही जमणार नाई."

या वेळी दिव्यानीने हात मागे घेतला नाही. त्याच्या हातावर ठेवला.

"मले आता दुसरंच भेव लागून राह्यलं," ती म्हणाली.

"कशाचं?"

"तुम्ही आमच्या घरी बोलाले याल का नाई, त्याचं."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "तुझ्या बाबाचं लय भेव लागते मले, दिव्यानी."

"लागू द्या," ती म्हणाली. "पण या."