रिकाम्या शीटची घंटी

राम्या, त्या मोबाईलमधल्या गाड्या बघायचं बंद कर आता. डोळे जातील लेका. लाईट बारा वाजता येणार, आता कुठं साडेदहा झालेत. तवर गव्हाला पाणी न्हाई आन आपल्याला झोप न्हाई. सरक इकडं. योगीराज, ती वाकळ टाक रे माझ्या पायावर, थंडी लय पडलीय.

कोणती म्हणतोस? डिझेल, ऑटोमॅटिक? घे की बाबा, कोण नको म्हणायलंय. पण एक ऐकून ठेव. जुनी गाडी रातच्याला बघायला जाऊ नये. हे माझं न्हाई, देवगाव फाट्यावरच्या आश्रुबा मिस्तरीचं म्हणणं हाय. रात्री रंगातला फरक कळत न्हाई, कुठं पत्रा ठोकलाय ते कळत न्हाई. आन सकाळी इंजिन थंडगार असताना पहिली चावी मारली, की मगच तिचं खरं दुखणं बाहेर येतं. तीस वर्षं आश्रुबानं हा नेम पाळला. एकदा मोडला, त्याची ही गोष्ट हाय. मी त्याच्या शेजारीच बॅटरीचं दुकान चालवतो, त्यामुळं दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा त्यानं मलाच सांगितलं. खोटं वाटत असंल तर जाऊन विचारा. सांगणार न्हाई तो, शिव्या घालून हाकलून देईल.

औंदाच, दिवाळी झाल्यावर. नोव्हेंबरची अठरा तारीख, मंगळवार. अमावस्या दोन दिसावर होती.

पोखर्णीचा आदिनाथ म्हणून आश्रुबाचा भाचा हाय. ऊसतोडीला गेला तवा ट्रॉलीखाली डावा पाय सापडला होता त्याचा, गुडघ्यापासून ताठ झालाय. क्लच दाबता येत न्हाई. म्हणून त्याला ऑटोमॅटिकच पाहिजे होती, तिला डाव्या पायाचं कामच नसतं. चारठाण्यात एकाची गाडी विकायला हाय असं कळलं. मालक भुजंगराव म्हणून, सत्तरीला आलेला, बरी बागायत असलेला माणूस. दोन्ही पोरं पुण्याला, बायको रुख्मिणीबाई वारलेली, घरात एकटाच. पुतण्याच्या घरून डबा यायचा, त्यावर दिवस काढायचा.

आश्रुबानं फोनवर सांगितलं, उद्या सकाळी सातला येतो, गाडी चालू करून ठेवू नका. म्हातारा म्हणला, सकाळी न्हाई, दिवेलागणीनंतर या. आश्रुबाला राग आला. रात्री गाडी दाखवणारा माणूस काहीतरी झाकायलाय, हे त्याचं ठरलेलं गणित. पण भाचा लांबून आलेला, पाय ओढत दोन बस बदलून आलेला. जाऊ दे म्हणला आन गेला.

पावणेआठला पोचले. अंगणात पांढरी गाडी उभी, पाच वर्षं जुनी. आश्रुबानं बॅटरी पाजळून कोपरा न कोपरा बघितला. बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून ऑईलचं झाकण काढलं, धूर न्हाई. खाली वाकून गिअरबॉक्स बघितला, गळती न्हाई. ब्रेक दाबून गिअर पुढं टाकला, मागं टाकला, झटका न्हाई. गाडी कशी, धुतल्या तांदळासारखी. आश्रुबा मला म्हणला, गड्या, खोट सापडंना म्हणूनच मला भ्या वाटायलं.

गावातल्या एका पोरानं वाटेतच त्यांना सांगितलं होतं, की वर्षभरात नऊ गिऱ्हाईकं येऊन गेली, चक्कर मारली आन परत फिरकली न्हाईत. वायरिंगमधी लफडं हाय म्हणत्यात. आश्रुबा मनात म्हणला, वायरिंग तर वायरिंग, आज काढतो शोधून.

चक्कर मारायची तर मिस्तरी पुढं बसतो, गाडीचा आवाज ऐकायला. आश्रुबानं पुढचं डावं दार उघडलं तर म्हाताऱ्यानं त्याचा दंड धरला. म्हणला, मिस्तरी, तुमी मागं बसा माझ्याजवळ. आश्रुबाला वाटलं असंल काही, मागून शॉकअपचा आवाज बराबर कळतो. तो मागं बसला. आदिनाथ ड्रायव्हरच्या जागी. त्याच्या शेजारचं शीट रिकामं. म्हातारा म्हणला, जिंतूरच्या रस्त्यानं घ्या.

गाडी लोण्यासारखी चालली. आदिनाथ तर खुश. इतक्या वर्षांनी तो आपल्या हातानं गाडी चालवायला होता, डावा पाय नुसता बाजूला ठेवून. मामा, मला जमायलंय, असं दोनदा म्हणला. गाव मागं पडलं. दोन्हीकडं तूर, अंधार, मधूनच समोरून एखादा ट्रक यायचा.

चार-पाच किलोमीटर गेल्यावर एक ओढ्याचा पूल हाय. तो वलांडला.

आन घंटी वाजायला लागली.

पट्ट्याची घंटी रे. पुढच्या शीटवर माणूस बसलं आन पट्टा लावला न्हाई की वाजती ती. शीटमधी वजनाची पट्टी असती, तिला कळतं कुणी बसलंय ते. आदिनाथ म्हणला, मामा, माझा पट्टा तर लावलाय. मग समोरच्या मीटरच्या काचंवर लाल खूण दिसली त्याला. त्याची न्हाई. शेजारच्या शीटची.

आश्रुबाला बरंच वाटलं. सापडली खोट. पट्टी खराब झाली असंल, कधी पाणी सांडलं की होतं असं. ही घंटी एक-दोन मिनटं वाजून आपोआप बंद पडती, तेबी त्याला मालूम होतं. तो वाट बघत बसला.

दोन मिनटं झाली. तीन झाली. घंटी थांबंना...

त्यानं मागून हात लांबवला. पुढच्या शीटवर काही सामान हाय का, चाचपायला.

सामान नव्हतं.

पण शीट दबलेलं होतं. बसल्यावर दबतं ना, तसं. आन गार. लय गार.

आश्रुबानं हात काढून घेतला. आदिनाथला काही बोलला न्हाई, तो भिऊन गाडी कुठंतरी घालंल म्हणून. म्हाताऱ्याकडं बघितलं. म्हातारा पुढं वाकला होता, त्या रिकाम्या शीटच्या पाठीला कान लावून. डोळे मिटलेले. काहीतरी ऐकायला होता.

आश्रुबानं हळूच विचारलं, भुजंगराव, ही काय भानगड हाय?

मग म्हातारा बोलला. घंटी वाजायलीच होती, तिच्यातच बोलला. आश्रुबानं मला त्याचा शब्द न शब्द सांगितला, तसा सांगतो.

वर्षामागं याच टायमाला रुख्मिणीबाईच्या छातीत दुखायला लागलं. म्हाताऱ्यानं तिला पुढं बसवलं आन जिंतूरच्या दवाखान्याकडं गाडी काढली. छातीवर पट्टा सहन होईना म्हणून तिनं लावला न्हाई. त्यामुळं घंटी वाजायली, बंद पडली तरी गाडी हळू होऊन निघाली की पुन्हा सुरू. याच्या डोळ्यावर समोरच्या ट्रकांचा उजेड, आन कानात ती घंटी. पुलाच्या पुढं ती काहीतरी बोलली. याला ऐकू आलं न्हाई. ती परत बोलली. हा तिच्यावर खेकसला. म्हणला, गप बस, आधी पट्टा लाव, किती वेळा सांगायचं तुला. मग ती बोलली न्हाई.

"मला वाटलं फुगली," म्हातारा म्हणला. "चाळीस वर्षं बोललं की फुगायची. मी तसाच चालवत राह्यलो. दवाखान्याच्या दारात गाडी लावली, म्हणलं उतर. तर ती उतरंना. घंटी वाजायलीच होती मिस्तरी. ती गेली तरी घंटी वाजायलीच होती."

त्या दिवसापासून त्याचे हात असे थरथरायले की त्याला स्टिअरिंग धरवंना. आन गाडी दुसऱ्यानं कुणी या टायमाला या रस्त्यानं आणली, की पुलापासून ही घंटी सुरू व्हायची. एकदा पुतण्यानं आणली होती, तो भिऊन परत गाडीला शिवला न्हाई. मग म्हाताऱ्यानं काय करावं? गाडी विकायची हाय म्हणून गावोगाव सांगत सुटला. फुकट कोण फिरवून आणतंय रात्रीचं? गिऱ्हाईक मात्र येतं, चक्कर मारतं. नऊ जण आले. नऊ वेळा हा मागं बसून कान लावून होता. ती काय म्हणली होती ते ऐकायला.

"ती बोलती," म्हणला. "मला कळतं बोलायलीय म्हणून. पण ही घंटी काही ऐकू देत न्हाई. रिकाम्या शीटला पट्टा अडकवून बघितला, घंटी बंद पडती. पण मग तीबी नसती. नुसती गाडी. तिनं त्या दिवशी पट्टा लावला नव्हता ना."

आश्रुबा लय कठोर माणूस हाय. बाप मेला तवाबी रडला नव्हता, मी शेजारी होतो. पण तिथं त्याला डोळे पुसावे लागले म्हणला. आन मग मिस्तरीला जे सुचतं ते त्याला सुचलं. ते म्हाताऱ्याला सुचणार नव्हतं, नऊ गिऱ्हाईकांनाबी सुचलं नव्हतं. शीटच्या खाली त्या पट्टीच्या वायरीचा क्लिप असतो. तो ओढला की घंटी मरती.

तो खाली वाकला. रिकाम्या शीटखाली हात घातला. बोटं गारठली. चाचपडत क्लिप धरला... आन ओढला.

घंटी बंद.

आदिनाथनंबी सगळं ऐकलं होतं. गाडी हळू केली त्यानं, अगदी बैलगाडीच्या चालीनं. डिझेलची घरघर तेवढी राह्यली. बाकी काही न्हाई...



म्हातारा पुढं झुकला. वर्षभर जे विचारायचं राह्यलं होतं ते त्यानं विचारलं.

"काय म्हणलीस गं?"

...

आश्रुबाला काही ऐकू आलं न्हाई. नुसता एक श्वास, ओढून ओढून घेतलेला. पण आदिनाथ तिच्या शेजारी बसला होता. त्याला आलं, आन कान लावून बसलेल्या म्हाताऱ्यालाबी. म्हातारी बाई दमून बोलती तसं.

"आवं, घरी चला."

आदिनाथनं कचकन ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या मधी उभी राह्यली. मागं म्हातारा दोन्ही हात तोंडावर घेऊन रडायला लागला. म्हणायला लागला, घरी चला म्हणायली होती रे, तिला कळलं होतं, तिला घरात जायचं होतं, आन मी तिला पट्ट्यावरून बोललो.

तुमाला सांगायला नको पोरांनो, आपल्यात घराबाहेर जीव गेलेलं माणूस घरात घेत न्हाईत. उंबऱ्याबाहेर अंगणातच ठेवायचं, तिथूनच उचलायचं. रुख्मिणीबाईलाबी तसंच केलं होतं. गाडीतून अंगणात, अंगणातून मसणवाटंला. चाळीस वर्षं ज्या घरात राबली, त्यात तिचं शेवटचं पाऊल पडलंच न्हाई.

आदिनाथनं कुणाला न विचारता गाडी वळवली. पूल आला, गेला. आश्रुबा म्हणला, त्या अख्ख्या वाटंत मला भ्या म्हणून वाटलं न्हाई. नुसतं वाईट वाटायलं.

अंगणात गाडी लागली. म्हातारा आधी उतरला, त्यानं पुढचं डावं दार उघडलं. दार धरून उभा राह्यला. मग एकदम हळू आवाजात म्हणला, "उतर. आलं घर. हळू उतर."

थोडा वेळ तसाच थांबला. मग पुढं होऊन कडीचं कुलूप उघडलं, दार सताड लोटलं आन स्वतः बाजूला झाला. वाट दिली त्यानं. हे दोघं मागं, जागच्या जागी उभे.

पुढच्या आठवड्यात गाडी आदिनाथला दिली त्यानं, आन लय वाजवी दिली. आश्रुबानं क्लिप परत जोडला. आदिनाथ त्याच रस्त्यानं, त्याच टायमाला मुद्दाम दोनदा जाऊन आला. रिकाम्या शीटवर घंटी काही वाजली न्हाई. गाडी पोखर्णीत हाय, तुमी बघू शकता. पण हे झालं नंतरचं. त्या रातीचं एक सांगायचं राह्यलं.

दार उघडल्यावर म्हातारा यांना म्हणला, या, बसा घडीभर. नको कसं म्हणणार? गेले आत. त्यानं बटण दाबलं. आश्रुबाच्या घशाला कोरड पडली होती. समोर पाटावर पितळंचा तांब्या होता, पाण्यानं काठोकाठ भरलेला, बाहेरून दव धरलेला, आन त्याच्याजवळ गुळाचा खडा. त्यानं काही विचार न करता पेला भरला आन घटाघटा पिला. माठातलं पाणी, गार. दुसरा पेला भाच्याला दिला. तवा त्याचं ध्यान कोपऱ्यात गेलं. माठ पालथा घातलेला, त्यावर वर्षाची धूळ. म्हातारा जारचं पाणी पितो, तो जार तिकडं खिडकीत.

आन घराला तर बाहेरून कुलूप होतं.

आश्रुबानं म्हाताऱ्याकडं बघितलं. म्हातारा खाली बसून तिसऱ्या पेल्यात पाणी वतून घ्यायला होता, सावकाश, एक थेंब सांडू न देता. डोळ्याला धार लागलेली. पाटावर पेले तीनच मांडले होते, जेवढी माणसं बाहेरून आली तेवढे.