आत्याच्या चेहऱ्याआधीचा शब्द

हवं तर खोटं समजा. हे खोटं ठरलं तर मलाच हवंय. पण घडलंय खरं... मागच्या मंगळवारी, भर दुपारी, आमच्या ऑफिसातल्या एडिटिंगच्या खोलीत.

माझं काम मानसशास्त्राच्या चाचणीसाठी फिल्म जोडायचं. पडद्यावर चेहरा येण्याआधी एक शब्द चमकून जातो. इतका झटकन, की बघणाऱ्याला कळतही नाही. पण त्या माणसाबद्दलचं मत मात्र बदलतं.

एक फोटो कमी पडला. मोबाइलमध्ये आत्याचा होता, तोच टाकला. त्याआधीचा शब्द होता 'क्रूर'.

म्हटलं, कोण ओळखतंय!

बघायला आले ते नेमके आमच्याच गल्लीतले आईबाप. त्यांची पोरं आत्याच्या पाळणाघरात. "अगंबाई, या तर आपल्या आत्या!" म्हणून हसलेसुद्धा. तेव्हाच फिल्म थांबवायला हवी होती. साहेब ओरडतील म्हणून मी मूग गिळून बसले.

हळूहळू पाळणाघर ओस पडलं. कारण कुणालाच सांगता येईना. "का कोण जाणे, पोराला तिथे ठेवायला नको वाटतं," एवढंच.

आत्या मला विचारायची, "माझ्या हातून काही चुकलं का गं?"

"लोकांचं काय मनावर घेतेस!" मी म्हणायचे.

तिने हाय खाल्ली. त्यातच गेली.

मंगळवारी मी तो शब्द काढायला बसले. बैल गेला आणि झोपा केला! फिल्मला आवाज नव्हताच. तरी हेडफोनमध्ये...

थप... थप... थप...

बाळाला थोपटतात ना, तसं.

हेडफोन काढला. आवाज खोलीतच होता... माझ्या पाठीशी.

मागे बघायची हिंमत झाली नाही. फिल्म पुढेमागे केली. 'क्रूर' कुठेच नव्हता. मी हात लावायच्या आधीच गेला होता.

आणि फोटोत नुसती भिंत होती.

आत्या नव्हती.

थोपटणंही थांबलं...

धावतच घरी आले. मुलगी दारातच होती. मी हात पुढे केले, तशी ती बाबाच्या मागे लपली.

"अगं, आईला घाबरतेस होय?" नवरा हसला.

ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"आई, तू दिसायच्या आधी काहीतरी येतं."

"काय येतं, बाळा?"

"माहीत नाही... पटकन जातं."

तेव्हापासून ती माझ्या हातून घास घेत नाही. कुशीत येत नाही. चार वर्षांची आहे, वाचता येत नाही अजून.

आत्या, चूक माझी होती गं. पोरीला तरी माझ्याजवळ येऊ दे.