चौतीस किलोचा आवाज

"चोरी झाली. लवकर या. अन् फोनवर काही विचारू नका, मले ऐकू येत नाही."

एवढं सांगून सुभद्राबाई हेडाऊंनी फोन ठेवला. ठाण्यातले दोघे-तिघे हसले. उपनिरीक्षक देवकी पराते हसली नाही. तिने टोपी उचलली आणि निघाली.

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला होता. दुपारी साडेचार वाजता नंदनवन वस्तीतल्या त्या गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. हेडाऊंच्या अंगणात मात्र चार खाटांवर कुरडया वाळत होत्या आणि समोरच्या घरातल्या सिंधूताई डोक्याला ओला दुपट्टा बांधून, काठी घेऊन त्यांची राखण करत होत्या. घराला एकच फाटक. बाकी तिन्ही बाजूंना पुरुषभर उंच भिंत, वर काचा.

बैठकीत कमरेएवढे दोन लाकडी स्पीकर उभे होते. मधे चाकांची लोखंडी तिपाई होती, आणि ती रिकामी. वायरी नुसत्या लोंबत होत्या.

"काय गेलं, मावशी?" देवकीने आवाज चढवून विचारलं.

"ओरडू नको, पोरी. तोंड माह्याकडे ठेव, मी ओठ वाचते." सुभद्राबाई सदुसष्ट वर्षांच्या, काटक, कपाळावर आठी. "माही मशीन गेली. अँप्लिफायर. इतवारी बाजारातल्या धम्मानंदनं हातानं बनवली. चौतीस किलोची."

"एवढी मोठी कशाला?"

"हे सारेच विचारतात." त्यांनी पायाने फरशी ठोकली. "याच खोलीत आमचे चार पॉवरलूम होते. बावीस वर्षं मी चालवले, दीर बी मदतीले राहे. कान तिथंच गेले. कानातलं यंत्र नुसतं शिट्ट्या मारते. पण ही मशीन लावून खडी गंमतीचा, आपल्या इकडच्या तमाशाचा, डफ वाजवला का फरशी हालते. तळपायातून छातीत चढते. रोज पाच ते सहा. तेवढाच एक तास मी जित्ती राहते म्हणा न."

म्हातारीने हे रडत सांगितलं नाही. भांडणाला उभं राहावं तसं सांगितलं. देवकीला ती तिथेच आवडली.

"संशय कोणावर?"

"साऱ्यांवर. उद्या अकराले बिल्डर येऊन राहिला. घर पाडून फ्लॅट करतो म्हणते. घर अर्धं माह्या नावावर, अर्धं दिराच्या. मी विचारलं, फ्लॅटमंधी मशीन वाजू देशील? तो म्हणे, नियमात बसत नाही. मंग माही सही बी बसत नाही, म्हटलं." त्या थांबल्या. "आता मशीनच नाही. कशाच्या जोरावर नाही म्हणू?"

देवकीच्या मानेवरून घाम वाहत होता. खिडकीला लावलेला मोठा कूलर गप्प होता.

"कूलर लावा न जरा."

दारात उभे असलेले सुभद्राबाईंचे दीर बाबनराव पुढे आले. बासष्टीचे, दंडाने अजून भक्कम, वरच्या मजल्यावर राहणारे. "बंद पडला जी, मॅडम, दुपारीच. मोटर गेली. ई-रिक्षावाला सांगून ठेवला, उद्या सकाळी सात वाजता दुरुस्तीले नेतो."

"सकाळी तर चांगला चालू होता," सुभद्राबाई म्हणाल्या.

"यंत्र आहे, वहिनी. सांगून बंद पडते काय?"

देवकी बाजूच्या दाराने गॅलरीत गेली. गॅलरी म्हणजे घर आणि कुंपणाची भिंत यांच्यातली चिंचोळी जागा. अंगणातून ती दिसत नव्हती. कूलर तिथेच लोखंडी घोडीवर उभा होता. खालची फरशी ओली होती. वाळ्याचं गवत भरलेली मागची ताटी तीन कोपऱ्यांत तारेने बांधलेली होती, चौथ्यात पांढऱ्या सुती दोऱ्याने. दोरा दोन तुकडे जोडून केलेला. देवकीने त्यावरून अंगठा फिरवला आणि परत आली.

"यंदा कूलरचा वाळा कोणी भरला?"

"कूलरवाल्यानं. पंधरा दिवस झाले," सुभद्राबाई म्हणाल्या. "माह्यासमोर तारेनं आवळला."

देवकी अंगणात गेली.

"सिंधूताई, तुम्ही कधीपासून इथं?"

"सकाळी दहापासून. जेवण बी इथंच केलं. बकऱ्या लई झाल्या वं बाई, जरा उठलं का खाट साफ."

"आत-बाहेर कोण गेलं?"

"अकराले सुभद्राबाई अन् पोरगा बाहेर गेले, चारले आले. एक वाजता केशव मास्तर आत गेला, पाच मिनटांत निघाला. हातात छत्री. बाबनराव तर घरीच होते. बस."

"काही मोठं सामान?"

"फाटकातून माही एक कुरडई गेली नाही. मशीन कशी जाईल?"

केशव मास्तर शेजारचे. घरी शिकवणी घेणारे. त्यांना बोलावलं तेव्हा ते फुरंगटूनच आले.

"तुम्ही यांच्याविरुद्ध तक्रार दिली होती?"

"दोनदा. आजही तिचीच प्रत द्यायला आलो होतो. दार लोटलेलं होतं. हाका मारल्या, कोणी आलं नाही. कागद दारात ठेवून निघालो."

"ती मशीन विहिरीत टाकीन, असं म्हणाला होता म्हणे?"

"हाव, म्हटलं होतं. पाच वाजता माह्याकडे पंचवीस पोरं बसतात, मॅडम. यांचा डफ अन् माहं बीजगणित. पण टाकायची असती तर साऱ्या गल्लीसमोर टाकली असती. चोरून काहून टाकू?"

जबाब लिहिता लिहिता देवकीच्या फाइलचा दोरा तटकन तुटला. "एवढा जोडून देता का? माझी नखं कापलेली आहेत." मास्तरांनी एकावर एक अशा तीन गाठी मारल्या. बोराच्या बीएवढा गोळा झाला.

मग मुलगा, कुशल. मिहानमधल्या एका कंपनीत इंजिनियर.

"आईनं तुमच्याकडे राहायला यावं, असं तुम्हाला वाटतं?"

"वाटते न. आज माहा फ्लॅट दाखवायलेच घेऊन गेलो होतो. अकरापासून चारपर्यंत ती माह्यासोबत होती."

"तिला पसंत पडला?"

"भिंतीले थाप मारून पाहिली अन् म्हणे, ह्या भिंती पोकळ आहेत." कुशल हसला नाही. "मॅडम, मले हे घर पाडलेलं पाहिजे, खोटं काहून बोलू? पण तिची मशीन मी नसती नेली. ती वाजते तेव्हा तिचा चेहरा पाहा कधी."

फाइलचा दोरा पुन्हा तुटला. जुनाट दोरा, दुसरं काय. कुशलने तो बोटांवर उलटसुलट गुंडाळला, खाली पाडला आणि विचारलं, "टेप नाही काय?"

शेवटी बाबनराव.

"दुपारी तुम्ही कुठं होता?"

"वरती झोपलो होतो."

"केशव मास्तरांनी हाका मारल्या."

"झोपलेल्या माणसाले हाक ऐकू येते काय?"

"मशीन गेली याचं वाईट वाटतं?"

"वाटते जी. पण जे होते ते बऱ्यासाठी. म्हाताऱ्या बाईनं शांत राहावं." बोलता बोलता त्यांनी टेबलावरचा तुटलेला दोरा आपणहून उचलला. दोन टोकं एकमेकांवर आली, अंगठा एकदा वळला, उरलेला धागा दातांनी तुटला. फाइल देवकीपुढे आली तेव्हा दोरा सलग दिसत होता.

"छान," देवकी म्हणाली. "आता सगळ्यांना गॅलरीत बोलवा."

सगळे दाटीवाटीने उभे राहिले. सिंधूताई काठीसह आल्या. देवकी सुभद्राबाईंकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे शब्द न् शब्द त्यांना दिसावा.

"मशीन घराबाहेर गेलीच नाही. सिंधूताईंची नजर चुकवून चौतीस किलो नेणं कोणाला जमलं नसतं. म्हणून चोरानं ते काम उद्यावर टाकलं. उद्या सकाळी सात वाजता ती साऱ्यांच्या डोळ्यांदेखत गेली असती. सिंधूताईंनी स्वतः फाटक उघडून दिलं असतं."

तिने कूलरचं बटण दाबलं. पंखा घरघरून फिरू लागला. कोरड्या गवताचा कचरा उडाला.

"ही म्हणे गेलेली मोटर. बाबनराव, नवतप्यात कोणी चालता कूलर बंद ठेवते काय? त्याच्या टाकीतलं पाणी काढून टाकावं लागलं, म्हणूनच ना? फरशी अजून ओली आहे."

तिने पंखा बंद केला, ताटी सोडली. टाकीच्या तळाशी, चादरीत गुंडाळलेली, काळी मशीन बसली होती. सुभद्राबाईंनी हात आत घालून आधी मशीनच्या कडेच्या धातूच्या पात्या चाचपल्या.

"तिपाईला चाकं आहेत," देवकी म्हणाली. "लोटत गॅलरीत आणली आणि फक्त वीतभर उचलून टाकीत ठेवली. भक्कम माणसाला एकट्याला जमतं. मास्तर आले तेव्हा हेच चालू होतं, म्हणून हाकेला उत्तर नाही."

"मास्तरनंच ठेवली असंल," बाबनराव म्हणाले. "तो आत आला होता."

"पाच मिनिटांत टाकी रिकामी होत नाही. आणि हे पाहा." तिने दोऱ्याचं टोक उचललं. "ताटी उघडताना तार तुटली. तुम्ही सुती दोरा घेतला, तो आखूड पडला, म्हणून दोन तुकडे जोडले. कूलर बांधायला कशीही गाठ चालली असती. मास्तरांची ती बोराच्या बीएवढीसुद्धा. पण ही गाठ पाहा. दिसते काय?"

कुशलने वाकून पाहिलं. दिसत नव्हती.

"ही मागावरची गाठ. ताण्याचा धागा तुटला तर अशीच मारावी लागते, नाहीतर मागाच्या फणीत अडकते आणि कापड बिघडते. माझे आजोबा उमरेडला विणायचे. हातावर छडी मारून त्यांनी मला शिकवली. मास्तरांना ती येत नाही, कुशलला येत नाही. मावशींना येते, पण त्या अकरा ते चार कुशलसोबत होत्या. उरलं कोण? बाबनराव, आत्ताच माझ्या फाइलला तुम्ही तीच गाठ मारली. मी सांगितलंसुद्धा नव्हतं. तुमच्या हातांना तुटका धागा पाहवत नाही."

बाबनरावांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग मान वर केली.

"हाव, मी ठेवली. वहिनी, मी बी थकलो. वरचं छत गळून राहिलं. एका सहीसाठी सारं अडलं. अन् तुले तर ऐकू बी येत नाही. तुले कशाले पाहिजे एवढा आवाज?"

सुभद्राबाई त्यांचे ओठ वाचून होईपर्यंत थांबल्या.

"छत गळते तर छत नीट करू, भाऊजी. मले सांगायचं होतं." त्यांचा आवाज चढला नाही. "बावीस वर्षं ह्या घरात चार लूम खडखडले. दिवसभर. माहे कान त्यात गेले, अन् कोणी तक्रार केली नाही. तुमी नाही, शेजाऱ्यानं नाही. काहून? तो आवाज कमाईचा होता. आता पहिल्यांदा आवाज माह्या खुशीचा आहे, तर एक तास कोणाले सहन होत नाही."

 केशव मास्तर छत्रीच्या मुठीकडे पाहत राहिले.

"तक्रार लिहू, मावशी?" देवकीने हळूच विचारलं. "की घरातलं घरात..."

"लिहा. घरातलंच आहे म्हणून तर लिहा. अन् भाऊजी, उद्या बिल्डर आला तर चहा द्या त्याले. सही नाही."

मशीन कुशलने आणि मास्तरांनी मिळून उचलली. मास्तर का पुढे आले, ते त्यांनी सांगितलं नाही. वायरी सुभद्राबाईंनी स्वतः लावल्या. मशीनच्या तोंडावरचे दोन निळे काटे उजळले. घड्याळात सहाला दहा कमी होते.

"आज उशीर झाला," त्या म्हणाल्या. "तेवढं पुढं वाजन."

डफावर पहिली थाप पडली. भिंतीच्या फळीवरची ताटं थरथरली. देवकीचा पेन पंचनाम्यावर हलला, अक्षर वाकडं आलं, तिने ते तसंच ठेवलं. फरशीवरून तो आवाज बुटांच्या तळव्यांतून तिच्या पोटरीपर्यंत चढला. बाबनराव अनवाणी उभे होते. ते भिंतीकडे सरकले, पण भिंतही हलत होती.

दारातून मास्तर काहीतरी म्हणाले. बहुतेक, थोडा कमी करा. पण सुभद्राबाईंची पाठ त्यांच्याकडे होती, ओठ दिसत नव्हते, आणि त्यांनी वळून पाहिलं नाही. त्यांनी चपला काढल्या, दोन्ही पाय फरशीवर घट्ट रोवले आणि बटण आणखी थोडं फिरवलं.