न बघता टाकलेला बदाम

"हा बदाम तुमचाच ना?"

शिक्षकांच्या खोलीत शिरताच नव्या समुपदेशक मॅडमनी मोबाइल नाकासमोर धरला, आणि गणिताच्या सरांचा चहा बशीत सांडला. एवढ्या टपोऱ्या डोळ्यांनी असं कुणी विचारलं, तर माणसानं समजायचं तरी काय?

"म्हणजे... असेलही. पण इतक्यात—"

"नीट बघा!"

सरांनी पाहिलं. आठवीच्या वर्गाचा ग्रुप. बेडकाच्या धडावर वर्गातल्याच एका मुलीचं तोंड चिकटवलेलं. खाली खिदळणारे चेहरे, आणि त्यांच्यात सरांचा लालभडक बदाम.

आता सरांची खोड सांगायलाच हवी. ते वह्या इतक्या झपाट्यानं तपासत, की पंखा बंद असला तरी पानं फडफडत. एकदा वहीवर बसलेल्या डासालाही त्यांनी 'बरोबर'ची खूण केली. डास पास होऊन नववीत गेला म्हणतात. त्याच हातानं ते ग्रुपवर दिसेल त्याला बदाम टाकत. तेवढंच पोरांना उत्तेजन!

"तेव्हापासून ती आलेली नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणते, सरांनाही आवडलं. शाळाच सोडायची म्हणतेय."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. "आत्ता जातो वर्गात, एकेकाला सोलून काढतो!"

"म्हणजे उद्या तिला दुप्पट छळतील. आधी स्क्रीनशॉट, पुरावा राहू दे. मग ते चित्र ग्रुपवरून काढून टाकायला लावू, कुणी बनवलं ते मी बघते. आणि संध्याकाळी तिच्या घरी. तुम्हीच बोलायचं."

"तुम्ही शेजारी असाल तर—"

"तर?"

"तर जमेल. म्हणजे... तेव्हाच जमणार नाही. मला काही कळेनासंच झालंय बघा."

मॅडमनी ओठ दाबून हसू गिळलं. का गिळलं, ते त्यांनाही कळेना.

संध्याकाळी दार आईनं उघडलं. मुलगी आतल्या दाराआड. सर गृहपाठ विसरलेल्या पोरासारखे उभे.

"बाळा, मी हसलो नव्हतो. मी बघितलंच नव्हतं... आणि ते जास्त वाईट. चुकलं माझं."

"चित्र ग्रुपवरून गेलंय," मॅडम म्हणाल्या. "बनवणाऱ्याच्या आईवडिलांना उद्या बोलावलंय. तुझं नाव कुठेही न घेता."

मग आतून आवाज आला, "सर, तुम्ही वह्यासुद्धा न बघताच तपासता?"

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी छताकडे.

"...हो."

दार किलकिलं झालं. एक डोळा दिसला; तो सरांवरून मॅडमवर गेला, मॅडमवरून पुन्हा सरांवर. उंबऱ्यात जागा अंमळ कमीच होती, आणि दोघांपैकी कुणीही सरकत नव्हतं.

"मॅडम, हे सर तुमचे कोण?"

"सहकारी!" सर म्हणाले.

"अजून ठरायचंय," मॅडम म्हणाल्या — अगदी त्याच क्षणी.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दाराआड कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आई गं," मुलगी आतून ओरडली, "उद्या माझा डबा भर! यांचं काय ठरतंय ते मला बघायचंय."