जळका सप्लाय

शहाऐंशी सालच्या डिसेंबरात एका सकाळी रुपराव शहरातल्या महाल भागातून निघून एसटीनं कळमेश्वरला पोचला. तिथल्या पत्र्याच्या कारखान्यात कॉम्प्युटर येऊन तीन महिने झाले. तो बसवला रुपरावानं, सांभाळला रुपरावानं, अन् हा भला माणूस सहा वर्षांपासून टेंपररीच! आज मुख्य कचेरीतून मनोहरराव तपासणीला येणार होते. यंत्र पास झालं तर रुपराव कायम, नाही तर घरी बसायचं.

यंत्राच्या पाठीत वीज पुरवणारे दोन पॉवर सप्लाय होते. लोखंडी डबेच म्हणा ना. एक बंद पडला तर दुसऱ्यानं सगळा भार ओढायचा. सोमवारी उजवा जळाला, नवा अजून मुंबईहून यायचा होता. मग रुपरावानं कारागिराची जुनी युक्ती केली. जळका डबा पुसूनपासून खाचेत बसवला अन् चारही स्क्रू आवळले. साहेब लोक दुरूनच पाहतात. खाच रिकामी दिसली नाही म्हणजे झालं.

"तोंड काहून उतरलं गा?" हजेरीपत्रकं छापायला लावत ऑपरेटर कौसल्यानं विचारलं.

"ऊन लागलं."

"डिसेंबरात?" ती हसली. "पास झाला तं आमाले सावजीचं जेवण पाह्यजे, आधीच सांगून ठेवतो."

मनोहरराव आले. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली अन् थेट म्हणाले, "डावा काढा."

डावा म्हणजे चांगला! खरं सांगून टाकावं असं रुपरावाच्या अगदी जिभेवर आलं, पण सहा वर्षं आठवली. आधाराला एक हात यंत्राच्या पत्र्यावर टेकून त्यानं दुसऱ्या हातानं डबा ओढला.

यंत्र चालूच. प्रिंटर खडखडतच राहिला.

"शाब्बास," म्हणत मनोहररावांनी कागदावर सही ठोकली. "आता पेढे येऊ द्या." कौसल्यानं टाळ्या वाजवल्या. रुपराव येड्यासारखा हसत सुटला. एखादी सैल तार बसली असेल, दुसरं काय! इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

सगळे चहाला निघाले. रुपरावानं पत्र्यावरचा हात काढला.

प्रिंटर थांबला. पडद्यावरची हिरवी अक्षरं विझू लागली.

त्यानं झटकन हात टेकला. खडखड पुन्हा सुरू झाली.

"येऊन राहिला का गा?" दारातून कौसल्या म्हणाली. "चहा थंडा होते."

"तू चाल पुढं. आलोच मी."

तो वाकला. जळक्या डब्याची वायर प्लगात नव्हतीच. सोमवारी त्यानंच ती काढून टेबलाखाली गुंडाळून ठेवली होती, अन् आजच्या धांदलीत साफ विसरला होता.

एका हातानंच त्यानं डावा डबा परत बसवला. बटण दाबलं, डब्यावरचा दिवा लागला. हायसं वाटून त्यानं हात उचलला.

प्रिंटर थांबला.

हात पुन्हा पत्र्यावर गेला. बोटं गार पडली होती. बाहेर कोणीतरी मोठ्यानं सांगत होतं, आपला रुपराव कायम झाला.

त्यानं खिशातून वीज तपासायचा टेस्टर काढला, थोडा वेळ तसाच धरला, मग त्याचं टोक आपल्याच मनगटावर टेकवलं.

आतला तांबडा दिवा लागला. प्रिंटरच्या दर ओळीसरशी तो थोडा थोडा मंद होत होता.