बावीस मिनिटांची जीप

"बावीस मिनिटं," मोजपट्टी म्हणाली आणि जीप थांबली.

खरं तर जीप आधी थांबली आणि मोजपट्टीने घड्याळ नंतर पाहिलं. पण मोजपट्टीच्या बोलण्याने जीप बंद पडते असं भोपूने घरी गेल्यावर सांगितलं, आणि भोपूने एकदा सांगितलं की ते चार गल्ल्यांना ऐकू जायचं. म्हणून तर त्याला भोपू म्हणत.

भोपू हा मामांचा मुलगा. मोजपट्टी शेजारची, जिन्याच्या पायऱ्यांपासून आजीच्या घोरण्यापर्यंत सगळं मोजायची. आणि मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये बसलेली चौकशी ही मामांची भाची, सुट्टीसाठी आलेली. तिला हे नाव कोणी आणि का दिलं, हेही तिने विचारून पाहिलं होतं.

"मामा, परवाही इथेच थांबली होती ना?"

"हं," मामा म्हणाले. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते समोर बघत होते.

जीप साठ वर्षांची होती आणि मामा पन्नाशीचे. मामांच्या वडिलांनी ती लिलावात घेतली होती आणि मांडीवर बसवून मामांना याच स्टिअरिंगवर गाडी शिकवली होती. गेले दोन महिने ती वीस-बावीस मिनिटं झकास चालायची आणि मग भर रस्त्यात रुसून बसायची. शेवटी वैतागून मामांनी एका हॉटेलवाल्याला शब्द दिला होता. रविवारी टेकडी चढली तर गाडी आमची, नाही चढली तर तुमची. हॉटेलवाल्याला ती दारात ठेवून बॉनेटमध्ये फुलझाडं लावायची होती.

आज गुरुवार होता.

मामांनी फोन लावला आणि पंधरा मिनिटांत 'जुनी चाकं मंडळ' हजर झालं. मंडळात सोळा सभासद होते आणि अकरा चालू गाड्या; त्यामुळे सल्ला द्यायला कधीही पाच माणसं मोकळी सापडत. यांची माया मात्र खरी होती. कोणाची गाडी कुठेही अडो, हे जेवणावरून उठून यायचे. फक्त मंडळाची एक रीत होती: नुसता सल्ला देऊन कोणी जायचं नाही, जाताना गाडीचं काहीतरी आवळायचं किंवा सैल करायचं.

"कॉइल तापतेय," दातांचे डॉक्टर म्हणाले. "ओलं फडकं ठेवा तिच्यावर."

"कार्बोरेटरमध्ये कचरा आहे. मी जानेवारीतच म्हणालो होतो," हेडमास्तर म्हणाले. ते निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण बोलताना अजून खडू शोधायचे.

"आधी पेट्रोल आहे का ते तरी बघा," तिसरं कोणीतरी म्हणालं.

पेट्रोलचा काटा कधीच मेला होता. टाकी होती ड्रायव्हरच्या सीटखाली. मामा उठले, सीट उचलली, पितळी झाकण फिरवून काढलं आणि खाचा पाडलेली काठी आत घातली. पेट्रोल भरपूर होतं. मग डॉक्टरांनी फडकं ठेवलं, हेडमास्तरांनी कार्बोरेटरला दोन टपल्या मारल्या, मामांनी झाकण लावून किल्ली फिरवली, आणि जीप सुरू झाली.

"बघा, कॉइल," डॉक्टर म्हणाले.

"कार्बोरेटर," हेडमास्तर म्हणाले.

परतीच्या वाटेवर ती घराच्या दारात पुन्हा बंद पडली.

संध्याकाळी चौकशीने वही काढली. "आतापर्यंत गाडी किती वेळा बंद पडली?"

"सात," मोजपट्टी म्हणाली. "मी असताना."

"प्रत्येक वेळी कोणी काय केलं ते सांगा."

लिहून झाल्यावर पान मोठं विनोदी दिसू लागलं. पहिल्यांदा कॉइलमुळे सुरू झाली, दुसऱ्यांदा कार्बोरेटरमुळे, तिसऱ्यांदा ढकलल्यामुळे, चौथ्यांदा बॅटरीची तार हलवल्यामुळे.

"म्हणजे सगळ्यांचंच बरोबर," भोपू म्हणाला.

"सगळ्यांचंच बरोबर असेल तर एकाचंही नाही. पाचव्यांदा सुरूच झाली नाही, ते का?"

"तेव्हा दोरीने ओढून आणली," भोपूला आठवलं. "नुकतंच पेट्रोल भरलं होतं. घरी आणल्यावर बाबांना वाटलं, टाकी गळते की काय. त्यांनी काठी घालून बघितलं आणि मग ती सुरू झाली."

चौकशी पानाकडे बघत राहिली. फडकं दोनदाच होतं, टपल्याही दोनदाच होत्या. काठी मात्र गाडी सुरू झाली त्या प्रत्येक वेळी होती. फक्त रस्त्यात पाचव्यांदा नव्हती, आणि तेव्हाच गाडी हलली नव्हती.

"काठीने गाडी सुरू होते?" भोपूने विचारलं.

"काठी घालायला आधी काय काढावं लागतं?"

मामी स्वयंपाकघरात होती. चौकशीने दारातूनच विचारलं, "मामी, गाडी अशी कधीपासून करते?"

"तिची साठी साजरी केली तेव्हापासून. माणसंसुद्धा साठीनंतर अशीच करतात."

"साठीला काय काय केलं होतं?"

"मंडळाने हार घातला, भाषणं केली, आणि ते पितळी झाकण भेट दिलं. मंडळातल्या लेथवाल्या काकांनी स्वतः कातून घडवलंय. मंडळाचं नावसुद्धा कोरलंय त्याच्यावर."

शनिवारी मंडळ मामांच्या ओसरीवर चहाला जमलं, तेव्हा चौकशीने तोंड उघडलं. "मला वाटतं, झाकणामुळे—"

"बाळ," हेडमास्तर म्हणाले, "झाकणाने गाडी बंद पडत नसते. झाकण हे झाकण असतं."

मामांनी तिला बाजूला घेतलं. "त्या झाकणाबद्दल कोणासमोर बोलू नकोस. काकांचे तीन रविवार गेलेत त्यात. त्यांना वाईट वाटेल."

"आणि गाडी गेली तर तुम्हाला नाही वाटणार?"

मामांनी कप विसळायला घेतला. तो आधीच विसळलेला होता.

रविवारी सकाळी तिघं लेथवाल्या काकांच्या वर्कशॉपवर गेली. काका टेकडीवर निघायच्या आधी मशीन पुसत होते. लोखंडाचा भुसा झाडून कोपऱ्यात नीट गोळा केलेला होता आणि भिंतीवर प्रत्येक पान्याच्या आकाराची रेघ मारलेली होती.

"काका, जीपचं जुनं झाकण कुठे असेल?" चौकशीने विचारलं.

"नमुना म्हणून ठेवलंय." काकांनी खिळ्यावरून ते काढून दिलं. गंजकं होतं. मधोमध टाचणी जाईल एवढं भोक होतं.

"हे भोक तुम्ही नव्या झाकणाला पाडलं नाहीत?"

"छे. साठ वर्षं वापरून भोक पडलेलं ते. मी बिनभोकाचं केलं. माझ्या कामात खोट नसते."

चौकशीने मोजपट्टीची पाण्याची बाटली मागून घेतली. ती बुडाशी फुटकी होती आणि मोजपट्टी रोज किती थेंब वाया जातात ते मोजायची. चौकशीने बाटलीचं झाकण सैल केलं. बुडातून पाण्याची बारीक धार लागली. झाकण घट्ट केलं. धार मंदावली, थेंबांवर आली आणि थांबली.

"पाणी बाहेर जायचं तर वरून हवा आत यायला हवी," ती हळूच म्हणाली. "पेट्रोलचंही तसंच असेल ना, काका? बावीस मिनिटं इंजिन खेचून घेतं, मग टाकी पेट्रोल सोडतच नाही."

काकांनी बाटली स्वतः हातात घेतली. झाकण सैल केलं, घट्ट केलं. पुन्हा सैल केलं, पुन्हा घट्ट केलं. पाणी त्यांच्या चपलेवर सांडलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"चाळीस वर्षं लेथवर काढली मी," शेवटी ते म्हणाले. "चला, माझ्या गाडीत बसा. मी सांगतो त्यांना."

ते टेकडीच्या तिसऱ्या वळणावर पोहोचले तेव्हा जीप तिथे उभी होती. अर्थातच बंद. भोवती अख्खं मंडळ जमलं होतं, बॉनेट उघडं होतं आणि पाच डोकी आत होती. हॉटेलवाला टेप घेऊन बॉनेटची रुंदी घेत होता.

"तीन कुंड्या आरामात बसतील," तो म्हणाला. "कडेने वेल सोडता येईल."

मामा स्टिअरिंग धरून सीटवर बसून होते. पेट्रोल बघायचा प्रश्नच नव्हता. टाकी आत्ताच काठोकाठ भरली होती. "पुरे आता," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "घेऊन जा."

चौकशीने काकांकडे पाहिलं. काका पुढे झाले, घसा खाकरला आणि खिशातल्या चिंधीने कोरडेच हात पुसत उभे राहिले. जमलेल्या सगळ्यांसमोर शब्द काही बाहेर पडेनात.

मग चौकशीच म्हणाली, "मामा, गाडीबरोबर एक शेवटचा फोटो काढू या. सगळ्यांचा. तिथे कठड्यापाशी उभे राहा ना, मागे गाडी दिसेल."

फोटो म्हटल्यावर पाचही डोकी बॉनेटमधून बाहेर आली. हेडमास्तरांनी सदरा खोचला. डॉक्टरांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे लावायला घेतलं. भोपू मोबाइल धरून ओरडू लागला, "मागे सरका! अजून मागे! डॉक्टरकाका, पोट आत!" मामाही जड पावलांनी उतरले आणि गाडीकडे पाठ करून उभे राहिले.

चौकशी आणि मोजपट्टीने सीट उचलली. पितळी झाकण फिरेना. दोघींनी ओढणी गुंडाळून जोर लावला.

फुस्स...

आवाज एवढा लांब होता की फोटोतली सगळी माणसं एकदम मागे वळली. पुढे भोपूने हा फोटो सगळ्यांना दाखवला. त्यात सोळा डोक्यांचे मागचे भाग आले आहेत.

"हे काय चाललंय?" हेडमास्तरांनी विचारलं.

"टाकीने श्वास घेतला," चौकशी म्हणाली. तिने गंजकं झाकण लावून सीट खाली टाकली. "मामा, किल्ली फिरवा. दुसरं कोणी कशालाही हात लावायचा नाही."

हेडमास्तरांना कोणीतरी हात मागे घ्यायला सांगितलं, हे नऊ वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी घेतले.

मामांनी किल्ली फिरवली. जीप सुरू झाली. चौथं वळण, पाचवं, मग तो कुप्रसिद्ध खडीचा चढ. मोजपट्टी घड्याळावरून नजर काढेना. बावीस मिनिटं झाली, तरी जीप चढतच राहिली. माथ्यावर पोहोचूनही मामांनी इंजिन बंद केलं नाही. वर सपाटीवर ते गोल गोल फेऱ्या मारत राहिले.

"एक्केचाळीस," शेवटी मोजपट्टी म्हणाली. तेव्हा कुठे मामांनी किल्ली काढली आणि खिशातून रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसला.

"मला कॉइलच्या खालोखाल झाकणाचाच संशय होता," डॉक्टर म्हणाले.

"मी तर शनिवारीच म्हणालो होतो, झाकण हे झाकण असतं," हेडमास्तर म्हणाले.

"चूक माझी होती," लेथवाले काका मोठ्याने म्हणाले. "भोक कामाचं होतं आणि मी ते बुजवलं. या पोरीला दिसलं ते. आणि माझी लाज राखून तिने फोटोचं नाटक केलं, हे मला कळलं नाही असं समजू नका."

मामा त्यांच्याजवळ गेले. "पितळीच झाकण लावणार मी," ते म्हणाले. "तुम्ही एक भोक पाडून द्या, म्हणजे झालं." काका हसले, पण आधी त्यांनी चिंधी नाकाला लावली.

हॉटेलवाल्याने टेप गुंडाळली आणि मंडळातली आणखी कोणती गाडी फार दिवस चालणार नाही असं वाटतं, याची चौकशीपाशीच चौकशी केली. तिने नकारार्थी मान हलवली.

हेडमास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शाळेत असताना असे प्रश्न विचारणारी मुलं मला आवडायची नाहीत," ते म्हणाले. "चुकलंच माझं."

सगळे चहाकडे वळल्यावर दातांचे डॉक्टर मागे रेंगाळले. आजूबाजूला बघून चौकशीला हलक्या आवाजात म्हणाले, "माझी गाडी ब्रेक दाबला की डावीकडे ओढते. तुला जरा वेळ आहे का?"

"आहे," चौकशी म्हणाली. "पण आधी मला सांगा, आतापर्यंत तिला मदत कोणी कोणी केली?"