चप्पल नसलेली पोरं

वीज गेली की थोरल्या काकांना कंठ फुटतो. पोरं अंथरुणात दाटीवाटीनं बसली आणि काकांनी सुरुवात केली. ही थाप नाही म्हणाले, ज्या मास्तरांची ही गोष्ट ते माझ्याच शाळेत होते.

जनगणना लागली तेव्हा मास्तरांच्या वाट्याला त्यांचं घर आणि पुढची गल्ली आली. मास्तर भारी हुशार. घरोघर शिरून माणसं विचारत कोण बसतो? दारातल्या चपला मोजायच्या, तितकी माणसं मांडायची. सुरुवात स्वतःच्याच घरापासून. बायको दोन महिन्यांच्या पोरीला पाजत होती.

"अहो, हिला धरलंत का?"

"हिची चप्पल दाखव, धरतो."

दोघंही हसली.

गल्लीच्या टोकाला एक बाई दारात उभी होती, कडेवर रांगतं पोर. तिनं हात जोडले. मास्तर, हिला लिहा, आकड्यात नसली तर हिच्या वाट्याची लस येत नाही.

"चालू तर दे," मास्तर म्हणाले. "चप्पल घेतलीस की लिहू."

पुढं गल्लीत घशाची साथ आली. लस आकड्याप्रमाणे आली, म्हणजे लहानग्यांसाठी आलीच नाही. एकामागून एक पोरं गेली. वरून विचारणा झाली तेव्हा मास्तरांनी बेधडक कळवलं, या गल्लीत तान्हं मूल नव्हतंच, मग मेलं कोण? साहेब खूश. जिभेला हाड नसतं म्हणतात, काहींच्या काळजालाच नसतं.

नऊ ऑक्टोबर. रात्रीचे दहा. फेरतपासणीचा शेवटचा दिवस उरकायला मास्तर त्याच दारात आले. चपलांचे चार जोड. आणि पाचवा... बोटाएवढा. कोरा. तळाला मातीचा कणही नाही.

बाई बाहेर आली. कडेवर कोणी नाही.

"आणली चप्पल," ती म्हणाली. "लिहा आता."

मास्तर पाठ फिरवून चालू लागले.

टप... टप...

मागं कोणी नव्हतं.

टप. टप. टप. एक नाही... पुष्कळ. मास्तर पळाले. मागचे पायही पळाले.

घर आलं. आत शिरले. कडी लावली. कान दिला...

सगळं गप्प.

बायको मधल्या दारात उभी होती. डोळे विस्फारलेले.

"हिला कुठं ठेवलंत?"

"कुणाला?"

"आत्ता तर दारातून हाक मारलीत. तुमचाच आवाज. पाळण्यातून उतरली आणि... चालत गेली, अहो. मला वाटलं स्वप्नात आहे."

पाळणा रिकामा. पोर अजून धरून उभीही राहत नव्हती.

रात्रभर माणसं बॅटऱ्या घेऊन फिरली. विहीर उपसली. काही नाही...

काका थांबले. पोरं एकमेकांना चिकटली.

सकाळी मास्तरांच्या दारात चपलांचे तीन जोड होते. तिसरा बोटाएवढा. रात्री बाईच्या दारात कोरा पाहिलेला, तोच.

त्याचे तळ झिजून आरपार भोकं पडली होती.